‘आच्ची’: पाच मुख्यमंत्र्यांसोबत काम केलेली एक दुय्यम नटी

तुम्ही त्यांना बहुधा पाहिले आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. २००९ सालचा ‘अरुंधती’ हा तेलुगू चित्रपट हिंदी आवाजासह आपल्याकडच्या वाहिन्यांवर कितीदा लागला असेल, याची गणती नाही. त्यात नायिकेला पूर्वजन्मीच्या जेजम्माची कथा सांगणारी एक थकलेली सेविका आहे, चंद्रम्मा. त्या चंद्रम्माच्या सुरकुत्यांमागे जी अभिनेत्री आहे, तिच्या खात्यावर तोवर हजाराहून अधिक चित्रपट जमा झाले होते. तमिळनाडूत तिला ‘आच्ची’ म्हणत. पडद्यावरचे नाव मनोरमा.

एक खुलासा आधीच करतो, कारण मराठी वाचकाचा येथे गोंधळ होतो. ‘सीता और गीता’ मधली डोळे फिरवणारी दुष्ट काकी, ती मनोरमा वेगळी. ती लाहोरची आणि हिंदी चित्रसृष्टीतली. आपली मनोरमा कावेरीच्या खोऱ्यातली. हिंदीत ती मेहमूदच्या ‘कुँवारा बाप’ (१९७४) मध्ये येऊन गेली, एवढाच तिचा मुंबईशी नाव घेण्याजोगा संबंध. हा धागा तिच्याविषयी आहे, आणि तिच्या निमित्ताने ‘दुय्यम भूमिका’ या गोष्टीविषयीही. चित्रपटांचा इतिहास आपण नायकांच्या नावांनी लिहितो. तमिळ चित्रपटाचा इतिहास तर ‘एमजीआर युग’, ‘शिवाजी युग’, ‘रजनी-कमल युग’ असा राजघराण्यांच्या वंशावळीसारखा सांगितला जातो. या तिन्ही युगांत सतत पडद्यावर राहिलेली व्यक्ती मात्र त्या वंशावळीत कोठेच बसत नाही.

जन्म २६ मे १९३७, मन्नारगुडी. गाव तंजावर मुलखातले, म्हणजे १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांच्या राज्यात मोडणाऱ्या प्रदेशातले. पाळण्यातले नाव गोपीशांता. वडिलांनी दुसरा घरोबा केल्यावर आई लेकीला घेऊन बाहेर पडली आणि कारैक्कुडीजवळच्या पल्लत्तूरला आली. हा चेट्टिनाड. ब्रह्मदेश, मलाया आणि सिलोनपर्यंत सावकारी पसरलेल्या नाट्टुक्कोट्टै चेट्टियारांचा मुलूख. सागवानी खांबांच्या त्या प्रचंड वाड्यांत आई घरकाम करू लागली. मुलीची शाळा लवकरच सुटली. ‘आच्ची’ हे त्या वाड्यांतल्या प्रतिष्ठित चेट्टियार स्त्रियांसाठीचे आदराचे संबोधन. त्याच वाड्यांत राबणाऱ्या बाईच्या लेकीला पुढे साऱ्या तमिळनाडूने ते बहाल केले. यातला विरोधाभास मला त्यांच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा अधिक बोलका वाटतो.

पल्लत्तूरला एक नाटक आले होते. स्त्री-भूमिका करणाऱ्या कलावंताला गाता येत नव्हते, आणि गावातली ही मुलगी उत्तम गाते असे कोणीतरी सांगितले. तिला उभे केले गेले. नाटकाच्या दिग्दर्शकाने आणि पेटीवाल्याने मिळून तिचे ‘मनोरमा’ असे नामकरण केले.

येथे थोडे थांबून तमिळ नाटकाकडे पाहायला हवे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्या होत्या, तशाच तिकडे फिरत्या कंपन्या होत्या. दोन्हींमध्ये नातेही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तंजावरच्या मराठी परंपरेतले गोविंदस्वामी राव तमिळ नाटकांची मंडळी चालवीत असत. पुढे शंकरदास स्वामिगळ (१८६७–१९२२) यांच्या परंपरेतून ‘बॉइज कंपन्या’ उभ्या राहिल्या. त्यांत कोवळी मुलेच सगळ्या भूमिका करीत, स्त्रियांच्याही. एमजीआर आणि शिवाजी गणेशन दोघेही याच तालमीतून आले. लांबलचक संवाद एका दमात म्हणणे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे, गाता गाता अभिनय करणे, हे सारे त्यांनी तेथेच आत्मसात केले. ही शाळा मुलांची होती. मुलींना तेथे प्रवेश नव्हता. गोपीशांता गावोगावच्या हौशी आणि धंदेवाईक नाटकांतून तीच विद्या पदरात पाडून घेत गेली.

त्या काळी तमिळ रंगभूमी हे द्रविड चळवळीचे मुख्य शस्त्र होते. सी. एन. अण्णादुरै स्वतः नाटके लिहीत आणि त्यांत कामही करीत. त्यांचे एक नाटक आपल्याला जवळचे आहे: ‘शिवाजी कंड इंदु राज्यम्’, म्हणजे शिवाजीने पाहिलेले हिंदू राज्य. त्यात अण्णा गागाभट्टांची भूमिका करीत, आणि महाराजांची भूमिका करणाऱ्या व्ही. सी. गणेशन या तरुणाला पेरियारांनी ‘शिवाजी’ म्हणून गौरवले. ते नाव त्याला जन्मभर चिकटले. अशा वातावरणात मनोरमा एस. एस. राजेंद्रन यांच्या नाटक मंडळीत आली. राजेंद्रन हे द्रमुकचे नट. करुणानिधींनी लिहिलेल्या ‘मणिमगुडम्’ नाटकातल्या कामाने तिचे नाव झाले. अण्णादुरै आणि करुणानिधी या दोघांबरोबरही ती रंगमंचावर उभी राहिली. पुढे एमजीआर, जयललिता आणि तेलुगूतले एन. टी. रामाराव यांच्याबरोबर तिने चित्रपट केले. अशा रीतीने पाच भावी मुख्यमंत्र्यांसह अभिनय केल्याचा तो प्रसिद्ध हिशेब पूर्ण होतो. लोक तो गमतीदार योगायोग म्हणून सांगतात. तो योगायोग नव्हे. मद्रासमध्ये राजकारणात जाण्याचा दरवाजा नाटक-चित्रपटाच्या आवारातच होता, आणि त्या आवारात ती रोज कामाला जात होती. दरवाजातून पुढे गेले ते नायक आणि नायिका. ती आवारातच राहिली.

१९५८ साली कवी कण्णदासन यांनी ‘मालैयिट्ट मंगै’ हा चित्रपट काढला. त्यात त्यांनी मनोरमाला विनोदी भूमिका देऊ केली. ती नाटकात नायिका होती, त्यामुळे तिला ते खटकले. त्यावर कण्णदासन काय म्हणाले, हे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. नायिका झालीस तर काही वर्षांत बाहेर फेकली जाशील, विनोदी भूमिका केल्यास तर दीर्घकाळ टिकशील, असा त्या सांगण्याचा आशय. तिने ऐकले. १९६३ मध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सच्या ‘कोंजुम् कुमरी’त तिला नायिकाही करून पाहिले गेले, परंतु तो प्रयोग पुढे चालला नाही.

कण्णदासनांचा सल्ला भाकीत म्हणून अचूक ठरला, यात वाद नाही. जयललितांचीच तुलना करा. १९६५ मध्ये तमिळमध्ये पदार्पण, आघाडीची नायिका, आणि १९८० च्या सुमारास चित्रपट-कारकीर्द संपुष्टात. पंधरा वर्षे. मनोरमा १९५८ पासून २०१० नंतरही पडद्यावर आहे. तरीही हा सल्ला केवळ व्यवहारी शहाणपणा म्हणून वाचू नये. स्त्रीचे मुख्यपण तिच्या तारुण्यापुरते, आणि टिकायचे असेल तर तिने हास्यास्पद व्हायचे, असा त्या धंद्याचा अलिखित करार होता. नायक साठीतही महाविद्यालयीन तरुण म्हणून वावरत असताना हा करार फक्त बायकांशीच झालेला दिसतो.

आता ‘कॉमेडी ट्रॅक’ ही काय वस्तू आहे ते पाहू. तमिळ चित्रपटात विनोद हा कथेचा भाग असेलच असे नसे. कित्येकदा तो वेगळा लिहिला जाई, वेगळा चित्रित होई आणि मुख्य कथेच्या सांध्यांत बसवला जाई. एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम् या जोडप्याने चाळीसच्या दशकात ही पद्धत रुजवली. त्यांचा स्वतंत्र चमू होता आणि तो निर्मात्यांना तयार विनोद पुरवीत असे. पुढे तंगवेलू आणि एम. सरोजा यांची जोडी आली. लक्षात घ्या, या दोन्ही जोड्या पतिपत्नींच्या होत्या. विनोदी नटीचे स्थान विनोदी नटाच्या घरातून ठरत होते.

मनोरमाच्या पाठीशी असे घर नव्हते. तिचे १९६४ मध्ये एका नाट्यकलावंताशी लग्न झाले, ते दोन वर्षांत मोडले. एक मुलगा आणि आई यांचा भार तिच्यावर होता. पडद्यावर तिचे जोडीदार बदलत गेले. साठच्या दशकात नागेश, मग चो रामस्वामी, पुढे तेंगाई श्रीनिवासन, सुरुळि राजन. नटांची एकेक पिढी मावळली आणि नवी आली, समोरची बाई तीच राहिली. ‘अन्बे वा’ (१९६६) मधला नागेश तिच्याशिवाय अर्धा वाटेल. आणि तरी ‘नागेशचा विनोद’ असेच म्हटले गेले. आजही तसेच म्हणतात.

मला तिचे खरे सामर्थ्य दिसते ते बोलीत. तमिळ ही एक भाषा नव्हे, असे तमिळ लोकच म्हणतील. कोयंबत्तूरकडची कोंगु बोली वेगळी, मदुरैची वेगळी, तिरुनेलवेलीची वेगळी, अय्यर-अय्यंगारांच्या घरातली वेगळी, चेट्टियारांची वेगळी. चेन्नईच्या झोपडपट्टीत आणि रिक्षातळावर बोलली जाणारी ‘मद्रास भाषै’ तर तेलुगू, उर्दू, इंग्रजी यांच्या मिश्रणातून घडलेली. प्रमाण तमिळमधले ‘वीडु’, म्हणजे घर, तिच्यात ‘ऊडु’ होते. आपल्याकडे एकाच कलावंताने वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी आणि कोल्हापुरी त्या त्या गावच्या माणसाला पटेल अशी बोलावी, तसे तिचे होते. तमिळ नायक-नायिका बहुधा ठरावीक, कोठल्याच गावची नसलेली भाषा बोलत. गाव, जात, पेशा यांचा वास येई तो दुय्यम पात्रांच्या तोंडून. नायकाचे संवाद ऐकून १९६८ च्या मद्रासमध्ये लोक कसे बोलत होते ते कळणार नाही; मनोरमाचे ऐकून कळेल. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने या चित्रपटांकडे वळायचे ते या कारणासाठी.

त्याच १९६८ सालात तिची दोन कामे आली. ‘बोम्मलाट्टम्’ या चित्रपटात जयशंकर आणि जयललिता ही मुख्य जोडी, तर विनोदाला चो आणि मनोरमा. त्यात ‘वा वात्तियारे ऊट्टांडे’ हे मद्रास भाषैतले गाणे तिने स्वतः गायले. ते गाणे इतके गाजले की चित्रपट विसरला गेला तरी गाणे उरले. पार्श्वगायनाची व्यवस्था पक्की झालेल्या त्या काळात नटीने स्वतः गाणे ही नाटक कंपनीची जुनी सवय होती. पल्लत्तूरला ज्या गळ्यामुळे ती रंगमंचावर चढली, तोच गळा येथे कामी आला.

दुसरे काम म्हणजे ए. पी. नागराजन यांचा ‘तिल्लाना मोहनांबाळ’. कोत्तमंगलम् सुब्बू यांची ‘आनंद विकटन’ मधली गाजलेली मालिका हा त्याचा आधार. शिवाजी गणेशन नादस्वरवादक, पद्मिनी नर्तकी. दोघांच्या कलेचा अहंकार आणि प्रेम ही कथा. मधेच एक पात्र येते, जिल् जिल् रमामणी. फिरत्या नाटकातली नटी. भडक वेश, मोठा आवाज, स्वतःच्या कीर्तीविषयी भाबडा अभिमान. लेखनात हे पात्र हसण्यासाठीच आहे. परंतु मनोरमाने जे केले ते पाहा. रमामणीला आपली कला कनिष्ठ समजली जाते हे ठाऊक आहे, आणि समोरच्या वादकाची कला थोर आहे हेही. ती त्याच्यापुढे नम्र होते, पण लाचार होत नाही. थट्टेचा सूर कायम ठेवून ती या एका पात्रात सगळ्या फिरत्या कलावंतिणींची बाजू मांडून जाते. शास्त्रीय नादस्वर आणि भरतनाट्य यांच्या गौरवासाठी रचलेल्या चित्रपटात गावठी नाटकाला मान मिळाला तो या भूमिकेमुळे. मला विचाराल तर त्या चित्रपटातले सर्वात खरे माणूस रमामणी आहे. शिवाजी गणेशन यांच्या चाहत्यांनी रागावू नये.

सगळेच असे उंचीचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. त्या हजार चित्रपटांतल्या पुष्कळ भूमिका आज पाहवत नाहीत. मोठ्याने बोलणारी बाई म्हणून हसा, दात पुढे आहेत म्हणून हसा, लग्न राहून गेले म्हणून हसा, मोलकरीण आहे म्हणून हसा, अशा स्वरूपाचा तो विनोद. ‘नडिगन्’ (१९९०) मध्ये ती म्हाताऱ्याच्या वेषातल्या नायकावर भाळणारी प्रौढ कुमारिका आहे. लेखकाने तिला हास्याचे लक्ष्य केले आहे, आणि तिने मात्र त्या बाईच्या आशेची लाज वाटू दिलेली नाही. ‘संसारम् अदु मिन्सारम्’ (१९८६) मधली कण्णम्मा ही घरकाम करणारी बाई, पण त्या मध्यमवर्गीय घरातल्या भांडणांत रोकठोक बोलण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. आईने पल्लत्तूरच्या वाड्यांत जे काम केले, तेच लेकीने पडद्यावर असंख्य वेळा केले. फरक इतकाच की पडद्यावरची मोलकरीण उलट बोलू शकत होती.

आकड्यांविषयी थोडे. १९८५ सालापर्यंत हजार चित्रपट झाल्याची गिनीज बुकाची नोंद सांगितली जाते. पुढचे एकूण आकडे कोठे तेराशे, कोठे पंधराशे असे छापलेले आढळतील. तमिळ चित्रसृष्टीत त्या काळी नायक-नायिकांच्या याद्या ठेवल्या जात, इतरांच्या नव्हे, म्हणून हा घोळ. पण हजार हा आकडा जरी धरला तरी १९५८ पासूनच्या सत्तावीस वर्षांत वर्षाला सदतीस, म्हणजे महिन्याला तीन चित्रपट पडतात. कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओत सकाळची पाळी, दुसरीकडे दुपारची, तिसरीकडे रात्रीची. सकाळी एकाची बायको, दुपारी दुसऱ्याची सासू, रात्री भाजीवाली. ही कलासाधना होती तशीच ती मजुरीही होती, आणि तिचा दर नायकाच्या दराशी तोलण्याजोगा नव्हता.

विनोद करण्याचे वय सरले तेव्हा आई आली. ‘चिन्न गौंडर’ (१९९२) मध्ये विजयकांतची आई होताना तिने खोटे दात लावले आणि कोंगु मुलखातली म्हातारी उभी केली. ‘इंडियन’ (१९९६) मध्ये सरकारी कचेरीत हक्काच्या पैशासाठी लाच मागितली जाणारी गरीब बाई तिने केली. काही मिनिटांचीच ती भूमिका, पण चित्रपटाचा राग तेथे पेटतो. त्याआधी १९८९ च्या ‘पुदिय पादै’साठी तिला सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पार्थिबन या नवख्या दिग्दर्शकाचा तो पहिला चित्रपट. कारकीर्दीची एकतीस वर्षे उलटल्यावर हा सन्मान आला. २००२ मध्ये पद्मश्री.

आता १९९६ ची गोष्ट. तिच्यावाचून हे चित्र अपुरे राहील.

त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जयललिता सत्तेवर होत्या आणि लोक त्यांच्यावर चिडलेले होते. रजनीकांत यांनी द्रमुक आणि तमिळ मानिल काँग्रेस यांच्या आघाडीला उघड पाठिंबा दिला. हे रजनीकांत म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, हे वाचकांना सांगायला नकोच. मनोरमा अण्णा द्रमुकच्या प्रचाराला उतरली आणि तिने सभांतून रजनीकांतवर बोचरी टीका केली. निकालात अण्णा द्रमुकचे पुरते पानिपत झाले. केवळ चार आमदार निवडून आले, स्वतः जयललिता बर्गूरमधून पडल्या. रजनीकांतचे वजन शिगेला पोचले. आणि मनोरमाला काम मिळेनासे झाले.

अडतीस वर्षे अखंड काम केलेल्या, हजार चित्रपटांच्या बाईचे हे झाले. कोणी बंदीचा हुकूम काढला नव्हता. निर्मात्यांनी फक्त बोलावणे बंद केले. नायकाने राजकारणात उडी घेतली तर त्याचे ‘युग’ होते, त्याची चूकही इतिहासात जमा होते. दुय्यम नटीने तेच केले तर दूरध्वनी वाजणे थांबते. पाच मुख्यमंत्र्यांच्या सहवासाचा तो सुवर्णाक्षरांतला तपशील या वेळी काही उपयोगाला आला नाही.

कोंडी फोडली ती स्वतः रजनीकांत यांनी. १९९७ च्या ‘अरुणाचलम्’मध्ये त्यांनी तिला भूमिका दिली, आणि त्यानंतर इतरांची दारे उघडली. हा रजनीकांत यांचा मोठेपणा म्हणून सांगितला जातो, आणि तो होताच. परंतु एका माणसाच्या नाराजीच्या नुसत्या अंदाजाने काम थांबावे आणि त्याच्याच एका होकाराने ते पुन्हा सुरू व्हावे, यातून त्या चित्रसृष्टीतली सत्ता कोणाच्या हाती एकवटली होती हेही दिसते. त्यासाठी निवडणुकीचे आकडे पाहावे लागत नाहीत.

पुढची वर्षे प्रकृतीने साथ दिली तेवढी कामे होत राहिली. ‘अरुंधती’ त्यांतलेच एक.

१० ऑक्टोबर २०१५ रोजी चेन्नईत मनोरमा गेली. मुख्यमंत्री जयललिता अंत्यदर्शनाला स्वतः आल्या. ‘बोम्मलाट्टम्’च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव वर होते आणि मनोरमाचे खाली, त्याला सत्तेचाळीस वर्षे झाली होती. पाचांपैकी अण्णादुरै, एमजीआर आणि रामाराव पूर्वीच गेलेले होते. जयललिता पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेल्या, करुणानिधी २०१८ च्या ऑगस्टमध्ये.